ग्रामीण कम्युनिटी कॉलेज : मुलीने तिथले क्रेडिट घ्यावेत का?

आडवाटेवरची

नमस्कार. गेली चार वर्षे आम्ही पश्चिम कॅन्ससमधल्या एका छोट्या गावात राहतो. जे-१ व्हिसावर शिकलेल्या परदेशी डॉक्टरांनी डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम केले, तर मायदेशी परतण्याच्या अटीतून त्यांना सूट मिळते. नवऱ्याच्या त्या सवलतीमुळे आम्ही इथे आलो आणि तीन वर्षे संपल्यावरही राहिलो. गावात धान्याची गगनचुंबी कोठारे, एक शाळा, एक रुग्णालय आणि एक सरकारी कम्युनिटी कॉलेज आहे. त्या कॉलेजात मी दोन वर्षांपासून अर्धवेळ गणित शिकवते.

माझ्या बीजगणिताच्या वर्गात पहिल्या बाकावर शाळेतून तासाभरासाठी येणारी सोळा वर्षांची मुलगी बसते, तिच्या शेजारी मांस प्रक्रियेच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट वर्गात येणारे पन्नाशीचे गृहस्थ बसतात आणि मागच्या रांगेत रोडिओच्या, म्हणजे उधळणाऱ्या घोड्या-बैलांवर स्वार होण्याच्या खेळाच्या, शिष्यवृत्तीवर आलेला एक मुलगा असतो, जो शुक्रवारी कधीच दिसत नाही. याच इमारतीत नर्सिंग, वेल्डिंग, डिझेल यंत्रांची दुरुस्ती, अवजड ट्रक चालवणे, पशुवैद्यकीय तंत्रज्ञान आणि केशभूषा शिकवली जाते. संध्याकाळी शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांचे आणि इंग्रजी शिकणाऱ्या स्थलांतरितांचे वर्ग भरतात.

आता मूळ प्रश्न. माझी मुलगी अकरावीत आहे आणि तिला गुरांची डॉक्टर व्हायचे आहे. शाळेच्या समुपदेशक बाई म्हणतात की, तिने आत्तापासून कॉलेजचे विषय घेतले, तर बारावी संपेपर्यंत असोसिएट पदवी, म्हणजे कॉलेजची दोन वर्षांची पदवी, जवळजवळ हातात येईल. शिकागोच्या नातेवाइकांना हे सांगितले, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग, "एवढी हुशार मुलगी आणि गावच्या कॉलेजात?" असा प्रश्न आला. मी तिथे शिकवते हे ते विसरले असावेत, किंवा त्यांना चांगलेच आठवत असावे.

या क्रेडिटना, म्हणजे कॉलेजचा विषय पूर्ण केल्यावर जमा होणाऱ्या श्रेयांकांना, पुढे खरोखर किंमत मिळते का? आणि दुसरे असे की, ही संस्था नक्की काय आहे, हे मला अजून एका वाक्यात कोणाला सांगता आलेले नाही.

कोरापाट

शुक्रवारी न दिसणाऱ्या मुलाला सोमवारी लंगडत येण्याबद्दल हजेरी द्यावी, अशी नम्र सूचना.

जुनाखोड

एका वाक्यात सांगता येत नाही, याला कारण आहे. ही संस्था एका कल्पनेतून जन्मलेली नाही. इलिनॉयमधले जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली सुरू झाले आणि आजही चालू असलेल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. त्यामागे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या शाळेचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राउन यांचा विचार असा होता की, पदवीची पहिली दोन वर्षे मुलांनी घराजवळ करावीत आणि मग विद्यापीठात जावे. म्हणजे आरंभीची कल्पना विद्यापीठाच्या ओसरीची होती. वेल्डिंग आणि ट्रक नंतर आले.

ग्रामीण भागाची कहाणी मात्र वेगळी आहे आणि ती मला अधिक रोचक वाटते. मिसिसिपी राज्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काउंटी (राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) पातळीवर कृषी माध्यमिक शाळा निघाल्या होत्या. मुले तिथेच राहत, शेतात काम करत आणि शिकत. १९२२ साली त्या राज्याने अशा शाळांना कॉलेजचे वर्ग जोडण्याची कायदेशीर मुभा दिली आणि त्यांतूनच तिथली ज्युनियर कॉलेजे उभी राहिली. वसतिगृह, गोठा आणि शेत आधी होते, पदवीचे वर्ग त्यांच्या अंगणात आले. आजही अनेक ग्रामीण कॉलेजांना वसतिगृहे असतात आणि शहरी कॉलेजांना बहुधा नसतात, कारण गावाकडच्या अंतरांत रोज जा-ये करणे सगळ्यांना शक्य नसते.

"कम्युनिटी कॉलेज" हे नाव रूढ झाले ते राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७ च्या अहवालामुळे. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळू लागला होता, त्यामुळे विद्यापीठे ओसंडून वाहत होती, आणि परवडणारे, जवळचे, सर्वांना प्रवेश देणारे कॉलेज ही त्या काळाची गरज होती. पुढे एकट्या साठच्या दशकात चारशेहून अधिक नवी कॉलेजे निघाली. आपल्या गावातले कॉलेजही त्या लाटेतले असण्याची शक्यता बरीच आहे. इमारत सपाट छपराची आणि पिवळसर विटांची असेल, तर शंकाच नको.

आडवाटेवरची

जुनाखोड, छप्पर सपाट आहे आणि गळतेही. विटांचा रंग आपण कसा ओळखलात?

काटकोन

इतिहास वाचून आनंद झाला, पण ताईंच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही, म्हणून मी व्यवहाराचे सांगतो. मी स्वतः अशाच एका कॉलेजातून राज्य विद्यापीठात अभियांत्रिकीला गेलो. कॉलेजात ६४ क्रेडिट कमावले होते. विद्यापीठाने सगळे "स्वीकारले" असे पत्र आले आणि घरी पेढे वाटून झाले. पहिल्या सत्राच्या आधी विभागाच्या सल्लागाराकडे गेलो, तेव्हा कळले की, त्यांतले १९ क्रेडिट ऐच्छिक विषयांच्या खात्यात जमा झाले होते आणि माझ्या शाखेला इतके ऐच्छिक विषय लागतच नव्हते. स्वीकारणे आणि पदवीसाठी मोजणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे मला एक वर्ष जास्त शिकून समजले.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. अमेरिकी संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या कार्यालयाने २०१७ साली दिलेल्या अहवालात असा अंदाज होता की, संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जातात. त्यात सर्व प्रकारच्या बदल्या आहेत. एकाच राज्यातल्या सरकारी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाणाऱ्यांची स्थिती त्यापेक्षा बरी असते.

दुसरी गोष्ट पदवीच्या नावाची. असोसिएट ऑफ आर्ट्स आणि असोसिएट ऑफ सायन्स या पदव्या पुढे विद्यापीठात जाण्यासाठी आखलेल्या असतात. असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स ही थेट नोकरीसाठी असते. तिन्हींना साधारण ६० क्रेडिट लागतात, तिन्हींच्या प्रमाणपत्रांवर तीच मुद्रा असते, पण तिसरी घेऊन विद्यापीठाच्या दारात गेलात, तर पुष्कळदा जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. "अप्लाइड" या एका शब्दात दोन वर्षे लपलेली आहेत.

रातपाळी

काटकोन यांचे म्हणणे खरे असले, तरी थेट नोकरीच्या पदवीला इतक्या भीतीने पाहू नये, कारण माझे घर त्याच पदवीवर उभे राहिले. मी लग्न करून आले, तेव्हा माझ्याकडे वाणिज्य शाखेची पदवी होती आणि कामाचा परवाना मिळेपर्यंत पाच वर्षे गेली. त्यानंतर पस्तिसाव्या वर्षी एका ग्रामीण कॉलेजात नर्सिंगची असोसिएट पदवी घेतली. मिल्ड्रेड मॉन्टॅग या परिचारिका शिक्षणतज्ज्ञ होत्या. दोन वर्षांत, रुग्णालयाच्या नव्हे तर कॉलेजच्या छताखाली, परिचारिका घडवता येईल, ही त्यांची कल्पना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग म्हणून काही कॉलेजांत राबवली गेली आणि नंतर देशभर पसरली. परवान्याची परीक्षा दोन वर्षांच्या आणि चार वर्षांच्या पदवीधरांना एकच असते. रुग्णाच्या खाटेपाशी कोणीही विचारत नाही की, बाई, तुमचे कॉलेज किती मजली होते.

अडचणीही सांगते. परिचारिकेला प्रसूती, बालरोग, मनोरुग्ण अशा सर्व विभागांत प्रत्यक्ष काम शिकावे लागते. आमच्या गावच्या रुग्णालयाने प्रसूती विभाग बंद केला होता, त्यामुळे बाळंतपण पाहण्यासाठी आम्ही चार जणी पहाटे साडेतीनला एका गाडीतून निघून दीडशे किलोमीटर लांबच्या रुग्णालयात जात असू. तिथे पोहोचल्यावर त्या दिवशी एकही बाळंतीण नसे, असे तीनदा झाले. हे कॉलेजचे अपयश नाही, पण पुस्तिकेत "नर्सिंग अभ्यासक्रम उपलब्ध" असे छापलेले असते, तेव्हा तो अभ्यासक्रम गावातल्या रुग्णालयाच्या तब्येतीवर अवलंबून असतो, हे छापलेले नसते.

पुढे नोकरी करत ऑनलाइन शिकून मी चार वर्षांची पदवीही पूर्ण केली, कारण मोठी रुग्णालये आता ती मागतात. तेव्हा शिडी आहे, फक्त पायऱ्यांमधले अंतर सारखे नाही.

स्पष्टवक्ता

सर्वांच्या भावनांचा आदर राखून थोडे कटू बोलतो. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने १९६० साली एका निबंधात असे मांडले होते की, या कॉलेजांचे एक न बोललेले काम म्हणजे विद्यार्थ्यांच्या मोठ्या आकांक्षा हळूहळू थंड करणे हे आहे. दार सर्वांना उघडे ठेवायचे, आत आल्यावर पूर्वपरीक्षा, पूरक वर्ग आणि समुपदेशन यांतून त्याला समजावत न्यायचे की, बाबा रे, अभियंता होण्यापेक्षा तंत्रज्ञ हो. नकार कोणीच देत नाही, त्यामुळे रागही कोणावर काढता येत नाही. आजचे आकडेही या मांडणीच्या फार विरोधात जात नाहीत. प्रवेश घेणाऱ्या सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते, सुमारे एकतृतीयांश विद्यार्थी प्रत्यक्षात विद्यापीठात जातात आणि सहा वर्षांत ती पदवी घेणारे सुरुवातीच्या संख्येच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास असतात.

ग्रामीण कॉलेजात याखेरीज निवडीचा तुटवडा असतो. भौतिकशास्त्राचा एकच शिक्षक असतो आणि तो रजेवर गेला की विषयच रजेवर जातो. मुलीला विज्ञान शाखेत पुढे जायचे असेल, तर शिकागोच्या नातेवाइकांची शांतता मला पूर्णपणे निराधार वाटत नाही.

रातपाळी

स्पष्टवक्ता, आपल्या सहाव्या हिश्श्यात मी कुठे मोडते? मी सहा वर्षांत चार वर्षांची पदवी घेतली नाही, अकरा वर्षांत घेतली. त्या आकड्यात मी अपयशी ठरते आणि बँकेच्या पुस्तकात ठरत नाही.

स्पष्टवक्ता

आपला मुद्दा मान्य आहे. सहा वर्षांची रेघ पूर्णवेळ शिकणाऱ्या तरुणाला डोळ्यांपुढे ठेवून ओढलेली आहे आणि या कॉलेजांतले बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. तरीही प्रश्न अकरावीतल्या मुलीचा आहे, तिच्यासाठी ती रेघ लागू आहे.

पवनचक्की

आकांक्षा थंड करण्याबद्दल चर्चा चालू असताना मी उंचावरून बोलतो, अक्षरशः ऐंशी मीटरवरून. पवनऊर्जेच्या कंपनीत काम करतो आणि माझ्या हाताखालचे निम्मे तंत्रज्ञ ग्रामीण कम्युनिटी कॉलेजांतून आलेले आहेत. आयोवातल्या एस्टरव्हिल या छोट्या गावात आयोवा लेक्स कम्युनिटी कॉलेज आहे. त्यांनी २००४ च्या सुमारास पवनचक्की तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि शिकवण्यासाठी स्वतःची १.६५ मेगावॉटची पवनचक्की उभी केली. न्यू मेक्सिकोमधल्या टुकुमकारी गावातल्या मेसालँड्स कम्युनिटी कॉलेजातही दीड मेगावॉटचे यंत्र आहे. विद्यार्थी त्यावर खरोखर चढतात, आणि पहिल्याच आठवड्यात कोणाला उंचीची भीती आहे हे समजते. समुपदेशनाची इतकी स्वस्त आणि खात्रीची पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मुद्दा असा की, हा अभ्यासक्रम तिथेच का निघाला? कारण वारा तिथे होता आणि शेतकऱ्यांनी जमिनी भाड्याने दिल्या होत्या. ग्रामीण कॉलेजाचा अभ्यासक्रम वाचला की आसपासच्या शंभर मैलांची जमीन वाचल्यासारखे होते. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात हेवूड कम्युनिटी कॉलेज आहे, तिथे वनशास्त्राबरोबर मातीकाम, विणकाम, लाकूडकाम आणि दागिने घडवणे हे पदवीचे विषय आहेत, कारण अॅपलाचियन पर्वतराजीत ती कारागिरी पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. मेसालँड्सकडे तर डायनोसॉरचे संग्रहालयदेखील आहे, कारण त्या भागात जीवाश्म सापडतात.

मितभाषी

त्या मेसालँड्सच्या अभ्यासक्रमांच्या यादीत मी नालबंदी वाचली. घोड्याला नाल मारण्याचा अभ्यासक्रम खरोखर असतो?

पवनचक्की

असतो, आणि हसण्यासारखा नाही. खुराचा कोन चुकला तर लाखमोलाचा घोडा लंगडा होतो. कॅलिफोर्नियातल्या क्विन्सी गावच्या फेदर रिव्हर कॉलेजात तर घोडे आणि रँच यांच्या व्यवस्थापनाची चार वर्षांची पदवी मिळते. त्या राज्याने २०१४ च्या कायद्याने काही कम्युनिटी कॉलेजांना प्रायोगिक तत्त्वावर चार वर्षांच्या पदव्या देण्याची परवानगी दिली, तेव्हा निवडलेल्या विषयांत हाही होता.

कोरापाट

म्हणजे शुक्रवारी गैरहजर राहणारा मुलगा वर्ग बुडवत नव्हता, तो प्रात्यक्षिकाला जात होता.

जुनाखोड

थोडे विषयांतर चाललेच आहे तर भर घालतो. महाविद्यालयीन रोडिओची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा वायोमिंगमधल्या कॅस्पर शहरात होते, आणि तिथे दोन वर्षांच्या कॉलेजांचे संघ मोठ्या विद्यापीठांच्या बरोबरीने उतरतात. कॅन्ससच्याच हचिन्सन गावात १९४९ पासून ज्युनियर कॉलेजांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा होत आली आहे. शिकागोच्या नातेवाइकांना कॉलेजचे नाव पटत नसेल, तर खेळांच्या पानावर पाहायला सांगावे.

खडूफळा

खेळांवरून शिकवण्याकडे वळू या. स्पष्टवक्ता यांनी एकाच शिक्षकाचा प्रश्न मांडला, तो मी आतून पाहिला आहे. शाळेतल्या मुलांना कॉलेजचे क्रेडिट देताना तो विषय बहुधा शाळेतच, शाळेचा शिक्षक शिकवतो, आणि त्या शिक्षकाची पात्रता कॉलेजच्या शिक्षकाइतकी असावी अशी अपेक्षा असते. मध्य-पश्चिम भागातल्या अधिस्वीकृती मंडळाचा दंडक अनेक वर्षे असा होता की, त्या विषयाचे पदव्युत्तर किमान १८ क्रेडिट हवेत. तीनशे मुलांच्या गावच्या शाळेत इंग्रजीच्या बाईंकडे शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी असते, इंग्रजी विषयाची नसते. त्यामुळे वीस वर्षे उत्तम शिकवणाऱ्या बाई अपात्र ठरतात आणि मुले पडद्यावर दुसऱ्या गावच्या प्राध्यापकांना पाहतात. ताईंनी हे तपासावे की, मुलीचा विषय प्रत्यक्ष कोण, कुठे बसून शिकवणार आहे.

आणखी एक गोष्ट, कारण या धाग्यात ती कोणी म्हणणार नाही. ग्रामीण सरकारी कॉलेज म्हटले की आपल्या मनात गहू आणि काउबॉय येतात, पण अॅरिझोनात नवाहो या आदिवासी लोकांनी १९६८ साली स्वतःचे कॉलेज स्थापन केले, ते आज त्साइली येथे आहे, डिने कॉलेज म्हणून ओळखले जाते आणि तिथे नवाहो भाषा आणि तत्त्वज्ञान हा अभ्यासक्रमाचा कणा आहे. आदिवासी राष्ट्राने स्वतः चालवलेले ते अमेरिकेतले पहिले कॉलेज. गावाने कॉलेज चालवणे म्हणजे काय, याचा अर्थ तिथे फार वेगळा होतो.

हिशेबनीस

पैशांविषयी कोणीच बोललेले नाही, म्हणून मला बोलावे लागते. या कॉलेजांचे उत्पन्न तीन वाटांनी येते : राज्याचे अनुदान, विद्यार्थ्यांची फी आणि स्थानिक मालमत्ता कर. कॅन्ससमध्ये एकूण १९ कम्युनिटी कॉलेजे आहेत, त्यांचे विश्वस्त स्थानिक मतदार निवडून देतात आणि कॉलेज ज्या काउंटीत आहे तिथले शेतकरी जमिनीच्या करातून त्याचा मोठा भार उचलतात. शेजारच्या काउंटीतली मुले येऊन शिकतात, त्यांचे आईवडील तो कर भरत नाहीत. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्थसंकल्पाच्या सुनावणीला जाऊन बसा, मग कॉलेज कोणासाठी आहे या प्रश्नाची उत्तरे गव्हाच्या भावासकट ऐकायला मिळतील.

राज्याच्या दोन योजना उपयोगी आहेत. २०१२ च्या कायद्याने शाळेतल्या मुलांच्या तांत्रिक विषयांची फी राज्य भरते. आणि २०२१ पासून ठरावीक अभ्यासक्रमांसाठी अशी शिष्यवृत्ती आहे, जिच्या बदल्यात शिक्षणानंतर दोन वर्षे कॅन्ससमध्ये राहून काम करावे लागते, नाहीतर ती रक्कम कर्ज ठरते. गावातली मुले शिकून शहरात जातात या जुन्या दुखण्यावरचा हा उपाय आहे. दोन वर्षांत माणूस रुजतो की दिवस मोजतो, यावर माझे मत राखून ठेवतो.

ताई, एक खासगी वाटेल असा प्रश्न विचारतो, पण उत्तर त्यावरच अवलंबून आहे. आपले ग्रीनकार्ड झाले आहे का? मुलगी एच-४ वर, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल, तर संघराज्याची पेल अनुदाने (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची मदत) आणि कर्जे तिला मिळणार नाहीत, आणि एकविसाव्या वर्षी तिला स्वतःचा व्हिसा शोधावा लागेल.

आडवाटेवरची

हिशेबनीस, ग्रीनकार्ड झालेले नाही. रांग किती लांब आहे हे इथे सर्वांना ठाऊक आहे. मुलगी एच-४ वरच आहे आणि एकविसाव्या वर्षाचा हिशेब आमच्या घरात रोज रात्री होतो. म्हणूनच दोन वर्षे वाचवण्याचा मोह इतका मोठा वाटला.

खडूफळा यांच्या सूचनेवरून चौकशी केली. इंग्रजी आणि इतिहास कॉलेजच्या आवारात, पूर्णवेळ प्राध्यापक शिकवतात. रसायनशास्त्राचे मात्र दोन वर्ग आहेत आणि त्यांतला शाळेच्या वेळापत्रकात बसणारा वर्ग पशुवैद्यकीय तंत्रज्ञांसाठीचा आहे. समुपदेशक बाईंनी आनंदाने तोच सुचवला होता, "हिला तर प्राणीच आवडतात!"

खूर

बरेच दिवस नुसती वाचत होते, पण ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाने लिहायला भाग पाडले. मी पशुवैद्यक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझी सुरुवातही एका ग्रामीण कॉलेजातून झाली.

तो वर्ग घेऊ नका. पशुवैद्यकीय तंत्रज्ञ आणि पशुवैद्य यांच्यात परिचारिका आणि डॉक्टर यांच्याइतके अंतर आहे, आणि दोन्हींचे रस्ते पहिल्या सत्रापासून वेगळे होतात. तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम उत्तम असतो, त्यात भूल देणे, क्ष-किरण काढणे आणि प्रयोगशाळेचे काम शिकवतात आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा असते. पण त्यातले रसायनशास्त्र पशुवैद्यक महाविद्यालयाच्या पूर्वअटींत मोजले जात नाही. तिथे शास्त्र शाखेचे सामान्य रसायनशास्त्र दोन सत्रे प्रयोगशाळेसह, मग सेंद्रिय रसायन, जीवरसायन, भौतिकशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि आनुवंशिकी लागते. काटकोन म्हणतात तो "अप्लाइड" शब्द इथे विषयाच्या नावात दडलेला आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि शाळेत ती फारसे कोणी सांगत नाही. अकरावीत घेतलेल्या कॉलेजच्या विषयाचा गुण हा कॉलेजचा गुण असतो आणि तो कायम राहतो. पशुवैद्यक महाविद्यालयांच्या सामायिक अर्जात शाळेत असताना घेतलेल्या क्रेडिटसकट प्रत्येक कॉलेजची गुणपत्रिका द्यावी लागते. मी सोळाव्या वर्षी, बास्केटबॉलच्या हंगामात, जीवशास्त्रात सी मिळवला होता. बाविसाव्या वर्षी मुलाखतीत त्याच्याविषयी उत्तर देत बसले होते. मानवी वैद्यकाच्या अर्जातही असेच आहे.

तिसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. बारावी होण्याआधी कितीही क्रेडिट कमावले, तरी बहुतेक विद्यापीठे मुलीला प्रथम वर्षाची विद्यार्थिनीच मानतात आणि प्रथम वर्षाच्या शिष्यवृत्त्या तिला खुल्या राहतात. शाळा संपल्यावर कॉलेजात नाव घातले आणि मग विद्यापीठात गेली, तर ती बदली विद्यार्थिनी ठरते आणि त्यातल्या मोठ्या शिष्यवृत्त्या सहसा हातच्या जातात. आपण पेल अनुदानाला पात्र नाही, त्यामुळे आपल्यासाठी हे फार महत्त्वाचे आहे.

कॅन्ससमधली सरकारी विद्यापीठे आणि कॉलेजे यांच्यात शंभराहून अधिक विषयांची एक सामायिक यादी आहे. त्या यादीतला विषय राज्यातल्या कोणत्याही सरकारी विद्यापीठात त्याच विषयाच्या जागी मोजला जातो. विषय घेण्याआधी यादी उघडा, आणि मग विद्यापीठाच्या विभागाला ईमेल करून उत्तर लेखी घ्या.

स्पष्टवक्ता

धाग्यातला सर्वांत उपयोगी प्रतिसाद शेवटी आला. मी आकडे दिले, खूर यांनी वाट दाखवली. एवढेच विचारतो की, आपल्याला गावच्या कॉलेजाचा फायदा झाला की तोटा?

खूर

सी मिळाला तो तोटा. फायदा असा की, सतराव्या वर्षी कॉलेजच्या गोठ्यात रात्री दोन वाजता पहिल्यांदा आडव्या आलेल्या वासराला बाहेर काढताना हात लावला. माझ्या वर्गातल्या शहरी मुलांनी तोवर कुत्रा आणि मांजर पाहिले होते. पशुवैद्यक महाविद्यालये देशभरात जेमतेम तीस-पस्तीस आहेत आणि मोठ्या जनावरांसाठी गावात राहायला तयार असलेले विद्यार्थी त्यांना हवे असतात. कॅन्सस स्टेट विद्यापीठात २००६ पासून अशी योजनाच आहे की, पदवीनंतर ग्रामीण काउंटीत ठरावीक वर्षे काम केले, तर शिक्षणाचे कर्ज माफ होते. व्हिसाच्या अटी मात्र आधी पाहाव्यात.

आडवाटेवरची

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर यादी, वेळापत्रक आणि मुलगी अशा तिघांना एकत्र बसवले. ठरले ते असे : इंग्रजी रचना, अमेरिकेचा इतिहास, मानसशास्त्राची ओळख आणि संख्याशास्त्र हे चार विषय ती कॉलेजात घेईल, कारण ते सामायिक यादीत आहेत आणि विद्यापीठाकडून तसे लेखी उत्तर आले आहे. संख्याशास्त्र मी शिकवते, त्यामुळे तो दुसऱ्या प्राध्यापकांच्या वर्गात. रसायन, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र विद्यापीठात गेल्यावर. असोसिएट पदवी पूर्ण करण्याचा हट्ट सोडला, त्यामुळे समुपदेशक बाई किंचित खट्टू झाल्या. दोनऐवजी साधारण अर्धे वर्ष वाचेल, आणि एकविसाव्या वर्षाच्या हिशेबात तेही थोडे नाही.

शिवाय तंत्रज्ञ विभागाच्या प्रमुखांनी तिला शनिवारी गोठ्यात यायला सांगितले आहे. क्रेडिट नाही, गुण नाहीत, गमबूट स्वतःचे आणायचे. शिकागोला मी अजून फोन केलेला नाही.

मितभाषी

आणि नालबंदी?

आडवाटेवरची

आमच्याकडे तो विषय नाही. तरीही शुक्रवारी गायब होणाऱ्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "मॅडम, माझ्या घोड्याची नाल मीच बसवतो, पण तुमचा शुक्रवारचा बीजगणिताचा तास मला सोमवारी पुन्हा समजावून सांगाल का?" सोमवारी आठ वाजता त्याला बोलावले आहे.